फोम शीटवर लेसर एनग्रेव्हिंग: कुठला फोम चालतो आणि कुठला मशीन खातो?

कोयरी_काठ
नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाजवळ आमचं ट्रॉफी-नेमप्लेटचं दुकान आहे. ६० वॅटचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसर मशीन आहे, बेड दोन बाय तीन फूट. आजवर ॲक्रिलिक, एमडीएफ आणि थोडंफार लाकूड यापलीकडे गेलेलो नाही. आता गणपतीच्या मखरांची ऑर्डर आलीये. थर्माकोलची सजावट २०१८ पासून राज्यात बंद, त्यामुळे गिऱ्हाइकाला फोममध्ये पाहिजे. मागची कमान कापायची आणि तिच्यावर चादरीच्या काठाला असते तशी कोयरीची वेल एनग्रेव्ह करायची. साठ सेट.

नवी पेठेतून पाच नमुने आणलेत. दुकानदार सगळ्यांनाच "फोम" म्हणतो. एक नंबर पांढरं, कडक, ५ मिमी, नखाने दाबलं तर खूण राहते. दोन नंबर काळं, रबरासारखं मऊ, तेही ५ मिमी. तिसऱ्याला दोन्ही बाजूंनी काळा कागद आणि मध्ये पांढरा फोम. चौथं गुलाबी, इंचभर जाड, गच्चीवर उष्णतेसाठी टाकतात ते. पाचवं जांभळं, रोलमधून कापून दिलेलं, हाताला किंचित चिकट लागतं.

पाचही शीटसाठी स्पीड-पॉवर कुणाकडे असेल तर द्या. उद्या सकाळी सुरू करायचंय.

होटगी_रोड
भाऊ, उद्या सकाळी मशीनचं बटणसुद्धा दाबू नका.

एक नंबर म्हणजे सनबोर्ड. नावात फोम असला तरी तो पीव्हीसी आहे, म्हणजे क्लोरीनवालं प्लास्टिक, जळलं की ॲसिडचा धूर सोडणारं, फक्त हवा भरून फुगवलेला. मी हा धडा स्वतःच्या पैशाने शिकलोय म्हणून लांबलचक लिहितो. चार वर्षांपूर्वी एका शाळेचे बोर्ड होते, अक्षरं सनबोर्डमध्ये कापून द्यायची होती. राउटरवाल्याकडे (फिरत्या बिटने कापणारं मशीन) रांग होती, म्हटलं आपलं लेसर आहे की. कापलं झकास. कड जरा पिवळट-तपकिरी आली, ती पॉलिश पेपरने घासून काढली. दुकानात वास कसला, तर संडास साफ करायचं ॲसिड सांडल्यासारखा. पोरगा खोकत बाहेर गेला. मी पंखा लावला आणि काम पूर्ण केलं, दीड दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर दोन्ही रेल नारिंगी. नोझलचे स्क्रू, बेल्टच्या पुलीचे बोल्ट, सगळ्यावर गंज. मशीनच्या बाजूला खिळ्याला कात्री लटकवलेली असते, तिच्यावरसुद्धा. जूनचा महिना, हवेत ओल होती, त्याने आणखी जोर धरला. लेन्स पुसून पुसून धुरकटच राहिली. रेल, बेअरिंग आणि लेन्स बदलायला जे गेले त्यात त्या शाळेचे बोर्ड दहा वेळा झाले असते.

शेंगाचटणी
सेटिंग मागितलं आणि मिळालं कीर्तन, असं झालंय बे 😄
मी घरी १० वॅटच्या डायोड लेसरवर करूलालो. काळा क्राफ्ट फोम मस्त कापतो. ३००० स्पीड, ८० टक्के पॉवर, दोन पास. बिनधास्त करा.

कोयरी_काठ
होटगी_रोड दादा, आधी एक: भाऊ नाही, ताई म्हणा. दुसरं: पोटात गोळा आला वाचून. सनबोर्ड बाजूला ठेवला. पण मग बाकीच्या चारांत काय आहे ते कसं कळणार? दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, "ताई, फोम म्हणजे फोमच, त्यात काय असायचंय."

होटगी_रोड
माफ करा ताई. दुकानदाराला विचारून उपयोग नाही. तो होलसेलवाल्याकडून जे नाव आलं तेच सांगतो. तांब्याच्या तारेची टेस्ट करा. इथे एक रसायनवाले सर आहेत, ते नीट सांगतील.

रसायन_मास्तर
हजर. हिला बाइलस्टाइन टेस्ट म्हणतात. अकरावी-बारावीच्या पोरांना दाखवतो मी, घरीही करता येते.

घराच्या वायरिंगमधली तांब्याची तार घ्या, पाच-सहा इंच. पण पहिला फसवा मुद्दा इथेच आहे: त्या वायरवरचं रंगीत आवरण पीव्हीसीचंच असतं. ते सोलून काढलं तरी तारेला अंश चिकटून राहतो. म्हणून तार पकडीत धरून आधी गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा. सुरुवातीला हिरवी झाक दिसेल. ती पूर्ण जाईपर्यंत तापवत राहा. मगच तार स्वच्छ.

आता लाल तार ज्योतीबाहेर काढून लगेच फोमच्या तुकड्यात टोचा. थोडासा वितळून तारेला लागेल, तेवढा पुरे. तार परत ज्योतीच्या कडेला धरा. ज्योत झळझळीत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असं धरा आणि तो माल लेसरखाली घालू नका. पिवळी-नारिंगी राहिली तर क्लोरीन नाही. गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत करा, तुकडा नखाएवढा, धूर अंगावर येणार नाही अशा बाजूला उभे राहा. प्रत्येक नमुन्यानंतर तार पुन्हा कोरी तापवा.

आणि थर वेगळे असतील तर टेस्टही वेगळी. कागद वेगळा, मधला फोम वेगळा, वर प्रिंटेड व्हायनिल चिकटवलेलं असेल तर तेही वेगळं. नुसता गाभा तपासून लोक खूश होतात आणि धूर निघतो वरच्या व्हायनिलचा.

गोंदकाम_आणि_कात्री
एवढं गॅसबिस कशाला? पाण्यात टाका. पीव्हीसी जड असतो, बुडतो. बाकीचे फोम तरंगतात. पाइपच्या तुकड्यावर मी कायम असंच ओळखतो.

रसायन_मास्तर
पाइपसाठी बरोबर आहे. भरीव पीव्हीसी पाण्याच्या जवळपास दीडपट जड, बुडणारच. पण सनबोर्ड फुगवलेला असतो, आत हवेचे कप्पे. तो पाण्यापेक्षा हलका भरतो, थर्माकोलसारखाच तरंगतो. या टेस्टवर विसंबलात तर नेमका जो टाळायचा तोच पास होईल.

कोयरी_काठ
केली टेस्ट. संध्याकाळी गच्चीवर, सासूबाई शेजारी उभ्या राहून "हे काय अघोरी चाललंय" म्हणत होत्या.

एक नंबर: हिरवा. इतका की सासूबाई पण गप्प झाल्या.
दोन नंबर काळं: हिरवा नाही, पिवळी ज्योत. वास थोडा आंबट.
तिसरं: कागदही नाही, मधला फोमही नाही. फोमचा काळा धूर मात्र भरपूर, काजळीचे धागे उडाले.
चौथं गुलाबी: इथेच गोंधळ. हिरवट झाक आली, पण एक नंबरसारखी लख्ख नाही. तीनदा केलं, तीनदा तसंच.
पाचवं जांभळं: हिरवा! हे मला दोन नंबरचाच रंगीत भाऊ वाटलं होतं.

रसायन_मास्तर
ताई, उत्तम केलंत, आणि चौथं तीनदा केलंत हे तर फारच उत्तम.

दोन नंबर ईव्हीए असणार. पूर्ण नाव इथिलीन व्हायनिल ॲसिटेट. त्यातल्या "व्हायनिल"मुळे लोक घाबरतात, पण इथे क्लोरीन नाही, ॲसिटेट आहे. आंबट वास त्याचाच, व्हिनेगरच्या घराण्यातला.

तिसऱ्यातला फोम पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोलचाच भाऊबंद. खात्री करायची तर ॲसिटोनचा थेंब टाका, नेलपॉलिश रिमूव्हरची ॲसिटोनवाली बाटली चालेल. फोम डोळ्यांदेखत खड्डा पडून विरघळला तर पॉलिस्टायरीन. ईव्हीएला तसं काही होणार नाही.

चौथंही पॉलिस्टायरीनच आहे, दाबून काढलेलं, एक्सपीएस म्हणतात. मग हिरवं का? बाइलस्टाइन फक्त क्लोरीन दाखवत नाही, ब्रोमीनही दाखवते. इमारतीत वापरायच्या फोममध्ये आग पसरू नये म्हणून ब्रोमीनवाली रसायनं घालतात. त्यातलं एचबीसीडी नावाचं एक २०१३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं, पर्यावरणात टिकून राहतं म्हणून. तुमच्या शीटमध्ये नेमकं कुठलं आहे ते या टेस्टवरून कळत नाही. पण धुरात ब्रोमीन येणार असेल तर तोही नको, मशीनलाही नको आणि तुम्हालाही.

पाचवं: चिकट स्पर्श ऐकल्यापासून शंका होती. योगा मॅटच्या रोलमधला माल असेल. बऱ्याच योगा मॅट मऊ केलेल्या पीव्हीसीच्या असतात. रेक्झिन, फ्लेक्स, स्टिकरचं व्हायनिल, सगळं त्याच घरातलं.

शेंगाचटणी
बाब्बो. मी मागच्या महिन्यात रेक्झिनची कीचेन केली तीस. रूममध्ये. खिडकी बंद, कारण एसी.
आता कळलं घसा का धरला होता.

होटगी_रोड
आणि तुमचं ते "३००० स्पीड" कोणी उचललं तर काय होईल सांगा. तुमच्या डायोडचं सॉफ्टवेअर मिनिटाला मिमी दाखवतं. सीओटूवाले सेकंदाला मिमी म्हणतात. ३००० भागिले ६०, म्हणजे सेकंदाला ५० मिमी. उलटं कोणी केलं, सेकंदाचा ५० आकडा मिनिटाच्या खान्यात टाकला, तर डोकं साठपट हळू चालेल आणि फोम जागेवर पेटेल. आकडा देताना एकक द्या हो.

शिवाय तुमचा डायोड निळ्या उजेडाचा, ४५० नॅनोमीटर. काळा फोम तो उजेड पितो, पांढरा परत फेकतो. सीओटूची लहर १०.६ मायक्रोमीटर, तिला काळा-पांढरा फरक जवळपास नाही. तुमचं सेटिंग ताईंच्या काही कामाचं नाही.

शेंगाचटणी
मान्य काका. पांढऱ्या फोमवर माझा डायोड खरंच नुसता गुदगुल्या करतो. काळा पोस्टर कलर फासला की कापतो.

डेप्रॉनवाला
गुलाबीबद्दल थोडं. मी इंजिनिअरिंगला आहे, एरोमॉडेलिंग क्लबसाठी पातळ एक्सपीएस लेसरवर कापतो. ३ मिमीपर्यंत ठीक, पॉवर कमी, स्पीड जास्त, एअर असिस्ट (नोझलमधून येणारा हवेचा झोत) पूर्ण. तरी कड आत वितळते, कारण पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपासच मऊ पडतं. इंचभर जाडीचं कधीच करू नका. आमच्या लॅबमध्ये एका ग्रुपने केलं. बीम खाली पोचेपर्यंत वरची फट एवढी रुंद झाली की आतून ज्योत निघाली, आणि एअर असिस्ट तिला भात्यासारखा वारा घालत होता. पोरं चहाला गेलेली. शिपाई मामांनी ओलं पोतं टाकलं म्हणून वाचलं.

तेव्हापासून नियम: फोम चालू असताना मशीन सोडून कुणी हलायचं नाही, आणि शेजारी सीओटूचं अग्निशामक. पावडरवालं नको. आग विझते पण पावडर लेन्स-रेलमध्ये घुसते, मग पुढचा आठवडा साफसफाईत.

कोयरी_काठ
म्हणजे हातात राहिले दोन आणि तीन. गिऱ्हाइकाला विचारलं, त्याला काळं ईव्हीए चालेल, वर सोनेरी पावडर मारणार आहे. आता तरी सेटिंग द्या ना कुणीतरी!

होटगी_रोड
आता देतो. म्हणजे सेटिंग नाही, सेटिंग काढायची रीत.

ग्रिड मारा. एक सेंटिमीटरचे चौकोन, आडवी पॉवर वाढवत जा, उभा स्पीड. लाइटबर्न सॉफ्टवेअर असेल तर त्यात तयार मटेरियल टेस्ट आहे, नसेल तर हाताने काढा, अर्ध्या तासाचं काम. पॉवर फार खालून सुरू करू नका, काचेची ट्यूब ठरावीक टक्क्यांखाली धड पेटत नाही, ठिपके ठिपके मारते. आणि खोली वरून बघून ठरवू नका. ब्लेडने चौकोन मधोमध कापा आणि बाजूने बघा. व्हर्नियरचं शेपूट मऊ फोममध्ये रुततं, खोटा आकडा देतं.

कोयरी_काठ
दोन दिवस हेच केलं. सविस्तर लिहिते, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. हे सगळं माझ्या मशीनचं आहे, ६० वॅट, दोन इंची लेन्स, ट्यूब दीड वर्ष जुनी.

पहिल्या ग्रिडमध्ये फोमच उडाला. एअर असिस्टच्या झोताने कडा उचलल्या गेल्या आणि नोझलने शीट ओढत नेली. मग कडेला मॅग्नेट लावले, तरी मधे फुगा. शेवटी हनीकोंबमध्ये (बेडच्या जाळीत) टाचण्या तिरक्या खोचल्या, शिवणकामाच्या, डोक्याला मणी असतो त्या. डोकं नोझलच्या उंचीखाली राहील असं बघितलं. मग शीट हलली नाही.

दुसरा ग्रिड: रेषांतलं अंतर ०.१ मिमी, ॲक्रिलिकला वापरते तेच. चौकोनाचा तळ चकचकीत आणि चिकट आला, बोट लावलं तर काळं चिकटलं. एका रेषेची उष्णता जायच्या आत दुसरी शेजारून जात होती. अंतर ०.२ केलं आणि नोझल फोकसपासून दोन मिमी वर उचललं, म्हणजे ठिपका रुंद झाला आणि रेषांमधली फट भरली. तळ मॅट, कोरडा, मखमलीसारखा. एवढ्या एका बदलाने काम जमलं. पॉवर-स्पीडचे बाकीचे खेळ त्याच्यापुढे किरकोळ.

३०० मिमी प्रति सेकंद आणि १२ टक्क्यांना साधारण अर्धा मिमी खोली, १८ टक्क्यांना एक मिमीच्या वर. मला कोयरीसाठी १६ टक्के आवडले. कापायला २२ मिमी प्रति सेकंद, ४५ टक्के, एकाच पासमध्ये ५ मिमी आरपार. फोकस वरच्या पृष्ठभागावर न ठेवता जाडीच्या मध्यावर ठेवला तर कड कमी तिरकी येते.

आणि कोयरीच्या शेपटीचं टोक. काठाच्या डिझाइनमध्ये ते टोक सुईसारखं असतं, फोममध्ये दोन मिमीपेक्षा बारीक भिंत राहिली की ती उष्णतेने आक्रसून वाकते. आमचे सासरे जेकार्डच्या मागावर होते, नक्षीच्या पत्त्यांना छिद्रं पाडायचे. ते नुसतं बघून म्हणाले, "टोक बोथट कर. दोऱ्यात पण आम्ही एवढं बारीक सोडत नव्हतो." केलं. सगळ्या वाकलेल्या कोयऱ्या सरळ झाल्या.

नव्या_पेठेचा_राउटर
भारी लिहिलंय ताई. एक शंका. सोनेरी पावडर मारण्याऐवजी सोनेरी ईव्हीएचा पातळ थर काळ्यावर चिकटवला आणि वरचा थर लेसरने उडवला तर? दोन रंग आपोआप.

रसायन_मास्तर
कल्पना छान. चिकटवायला काय वापरणार? चपलांना लावतात ते पिवळं रबर सोल्युशन असेल तर थांबा. ते बहुतेक पॉलिक्लोरोप्रीनचं असतं. नावातच क्लोरो. दारातून हाकललेला क्लोरीन खिडकीतून आत. दोन रंगांचं आधीच जोडून आलेलं ईव्हीए मिळत असेल तर तारेने तपासून ते घ्या.

डेप्रॉनवाला
तिसऱ्या नंबरचं काय केलंत? कागदवाल्याचं?

कोयरी_काठ
ते विसरलेच. त्यावर एनग्रेव्ह केलं तर वाईट. कागद जळतो आणि खालचा फोम देवीचे व्रण आल्यासारखा वितळतो. आरपार कापलं तर कागदाची कड सुंदर आणि मधला फोम आत गेलेला, बाजूने पन्हळ दिसते.

पण एक गंमत सापडली. पॉवर एवढी कमी की फक्त वरचा काळा कागद कापला जाईल, फोमला नुसता स्पर्श. मग नक्षीच्या आतला कागद टोकदार चिमट्याने सोलून काढायचा. खाली पांढराशुभ्र फोम. काळ्यावर पांढरी कोयरी, छापल्यासारखी. वेळ जातो सोलायला, साठ सेटना परवडणार नाही, पण दुकानाच्या स्वतःच्या पाटीसाठी करून ठेवलंय.

गोंदकाम_आणि_कात्री
मे महिन्यात टेस्ट केलीत ना? मग ऑर्डरच्या वेळी पुन्हा करा. आपल्याकडे दुपारी ४३ डिग्री, ट्यूबच्या पाण्याचं तापमान २५ च्या पुढे गेलं की पॉवर पडते. माझ्याकडे चिलर नाही, बादली आणि पंप. सकाळचं सेटिंग दुपारी अर्धवट कापतं. पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडतो.

होटगी_रोड
खरंय. आणि बादलीत नळाचं पाणी घालू नका. आपल्याकडचं पाणी टाकीत साठवलेलं, क्षार भरपूर. ट्यूबच्या आत पांढरा थर बसतो. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं.

कोयरी_काठ
चिलर आहे आमच्याकडे, पण दुपारी तो पण ओरडतो. म्हणून फोमचं काम सकाळी सात ते अकरा. ग्रिडच्या कोपऱ्यात "मे, पाणी २४" असं कोरून ठेवलंय, ऑगस्टमध्ये दुसरा मारेन.

एक तक्रार शिल्लक आहे: वास. कापलेल्या कमानींना दोन दिवस जळक्या रबराचा वास येतो. देवासमोर ठेवायची वस्तू, गिऱ्हाईक नाक मुरडणार. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पण एकदा खाली येऊन विचारलं.

होटगी_रोड
एक्झॉस्टचा पाइप खिडकीतून सोडलाय ना? तो छताच्या वर न्या, काकूंचा प्रश्न मिटेल. वळणं कमी ठेवा, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. कमानींसाठी साबणाच्या कोमट पाण्यात फडकं बुडवून, पिळून, नक्षीतली काजळी पुसून घ्या. वास बराचसा त्या काजळीलाच असतो. मग सावलीत दोरीवर टांगा. उन्हात नको, आपल्या उन्हात ईव्हीए वाकडं होतं.

कोयरी_काठ
केलं दादा. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना डोळे मिटून वास घ्यायला लावला. म्हणाल्या, "नव्या चपलेसारखा येतोय." चपलेपर्यंत आलोय म्हणजे प्रगती आहे. आणखी दोन दिवस टांगून ठेवते. पहिले पाच सेट नमुना म्हणून जाणार, मग बाकीचे.

नव्या_पेठेचा_राउटर
ताई, तो एक नंबरचा सनबोर्ड किती आणलाय? माझ्या राउटरला चालतो, बिटने कापल्यावर धूर नाही, नुसता चुरा. पडून राहणार असेल तर घेतो.

कोयरी_काठ
दोन पूर्ण शीट आणि एक अर्धी. जांभळा रोल पण घेऊन जा, पोरांना खेळायला. मशीनच्या खोलीत तो नकोच, उद्या घाईत कोणीतरी तुकडा बेडवर टाकायचं. सकाळी अकरानंतर या, आधी आलात तर मी मशीन सोडून उठणार नाही.